किल्ली खिळ्यावर होती

प्रकाशन संस्थेच्या त्या कचेरीत त्यांना नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळे कागदबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. एखादा लेखक हस्तलिखित बगलेत मारून येई, खुर्चीत टेकायच्या आत "बाई, हे माझ्या आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय हो," असं सुरू करी, आणि बाई चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारत, "कागद आहे का?" असला तर बसा. नसला तर चहा घ्या आणि जिना उतरा. आजोबांचे डोळे कितीही तीक्ष्ण असोत, बाईंच्या टेबलावर त्यांना किंमत नव्हती.

संस्था ऐतिहासिक कादंबऱ्या काढायची, वर्षाला सहा. एकीत राजवाडा, दुसरीत गलबत, तिसरीत साथीचा रोग, चौथीत दोन हजार वर्षांपूर्वीचा एखादा वाळवंटातला तळ. लेखकांनी लढाया लढाव्यात, राण्यांना रडवावं, आणि त्या धामधुमीत जो गोंधळ घालून ठेवलाय तो बाईंनी निस्तरावा, अशी कामाची वाटणी होती. हुद्द्याचं नाव तथ्य तपासनीस. एका कादंबरीत काडेपेटीचा शोध लागायच्या शंभर वर्षं आधीच नायकानं खिशातून काडी काढून दिवा लावला होता. बाईंनी समासात लिहिलं, 'नायकास अंधारात बसवावे.' दुसरीत राजकन्या पुनवेच्या चांदण्यात प्रियकराचा निरोप घेत होती. बाईंनी पंचांग काढून पाहिलं तर त्या तारखेला अमावास्या. समासात शेरा आला, 'निरोप चाचपडत घ्यावा, नाहीतर पंधरा दिवस थांबावे.' लेखक चरफडत, पण बदलत. बाईंचा गोल जांभळा शिक्का, आत 'तपासले' आणि खाली सही, हा शेवटच्या पानावर पडल्याखेरीज छापखाना पुस्तकाला हात लावत नसे.

त्यांच्या टेबलामागे भिंतभर कपाट होतं. लहान लहान चाळीस खण, खणांत उभी लावलेली कार्डं. प्रत्येक कार्डावर तीन ओळी : काय, केव्हा, आधार. कुठल्या साली कुठल्या शहरात रस्त्यावर दिवे लागले, गलबतावर पिण्याचं पाणी कशात भरत, साथीत दारावर कुठल्या रंगाची खूण करत. आधार म्हणजे त्या काळचा कागद. आठवण नव्हे, ऐकीव नव्हे. आधाराची ओळ कोरी असलेलं कार्ड बाई बोटांच्या चिमटीत धरून टोपलीत सोडत. आणि एक नियम याहून कडक : एकदा शिक्का पडला की त्यानंतर लेखकानं एक अक्षरही हलवायचं नाही. एकतीस वर्षांत हे दोन्ही नियम त्यांनी ना स्वतःसाठी मोडले होते, ना दुसऱ्यासाठी. याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडी गुर्मीही होती.

त्या गुर्मीचा एक नमुना सांगायलाच हवा, कारण पुढे तोच त्यांच्या अंगावर उलटायचा होता.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक म्हातारी हातात पिशवी घेऊन दोन जिने चढून आली होती. संस्थेनं तेव्हा एका जुन्या पूल-दुर्घटनेवर कादंबरी काढली होती. पुलावर चेंगराचेंगरी झाली, लोकांनी एकमेकांना तुडवलं, असं तीत होतं, आणि ते त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून घेतलेलं होतं. म्हातारी म्हणाली, "तसं नव्हतं हो झालं. कुणी कुणाला तुडवलं नाही. माणसं पोरांना हातोहात पुढे देत होती. मला अशीच दिली. ज्यांनी दिली ती सगळी गेली खाली."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "आजी, कागद आहे का?"

"मी आहे ना," म्हातारी म्हणाली.

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा का नव्हे ते लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, कपाटाकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलून जिना उतरली. बाईंनी तिचं नावसुद्धा टिपून ठेवलं नाही. त्या रात्री त्यांना झोप मात्र छान लागली.

तर, नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी सहा कादंबऱ्यांपैकी सहावी टेबलावर आली तेव्हा बाईंनी नेहमीसारखी पेन्सिल तासली. लेखक तिशीतला, नम्र, अभ्यासू. बाईंचा लाडकाच म्हणा, कारण तो आजोबा वगैरे मध्ये आणत नसे. पहिल्या पानावर एक कारखान्याचं आवार होतं. तिसऱ्या पानावर कळलं की कारखाना कंगव्यांचा आहे. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, एक घोट पाणी प्यायलं आणि मग पानं उलटत एकदम दोनशे बाराव्या पानावर, जे असणार हे माहीत होतं त्याकडेच गेल्या.

तिथे आग लागली होती. कंगवे सेल्युलॉइडच्या ज्या पातळ पत्र्यांतून कापत ते पत्रे ठिणगी पडली की भसकन पेटत. मागच्या खोलीत घासकाम करणाऱ्या बायका अडकल्या, मागचं दार कुलूपबंद. आणि दाराचा पहारेकरी, दुपारीच घोट घेऊन तर्र झालेला, कुलपाची किल्ली मुठीत धरून गल्लीतून पळत सुटला होता. लेखकानं त्याला दोन पानं दिली होती. त्याचा घाम, त्याची मागे वळून पाहायची सुद्धा न होणारी छाती. लेखणी चांगली होती, वाचताना त्या माणसाची किळस येत होती.

तो पहारेकरी म्हणजे बाईंचे वडील.

चौपन्न वर्षांपूर्वी बाई आठ वर्षांच्या होत्या. रोज दुपारी वडिलांचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर जायचं हे त्यांचं काम. कारखान्यातल्या बायका अंबाड्यात कंगवे खोचून पळवतात अशी व्यवस्थापकाला शंका, म्हणून मागचं दार कामाच्या वेळात कुलपात आणि किल्ली त्याच्या केबिनमध्ये, खिळ्यावर. पहारेकऱ्यानं तिला हात लावायचा नाही. मोठी लोखंडी किल्ली, तिला लाल चिंधी बांधलेली, केबिनच्या जाळीदार काचेतून दिसायची. त्या दिवशीही दिसली. व्यवस्थापक केबिनला कुलूप लावून जेवायला गेला होता. वडिलांनी डबा उघडला, पोरीला शेजारी बसवलं, आणि मागून किंकाळी आली.

वडील धावले. गल्लीकडे नव्हे, केबिनकडे. पोरीनं काच फुटताना ऐकली. एका फटक्यात नाही, पाच, सहा, सात फटक्यांत, कारण काचेत तारेची जाळी होती. मग ते हात लाल करून बाहेर आले आणि मागच्या बाजूला गेले. दार उघडलं तोवर आत सतरा बायका जळून गेल्या होत्या.

पुढचं सगळं नेहमीसारखंच झालं. व्यवस्थापकानं चौकशीत सांगितलं, किल्ली पहारेकऱ्याकडेच असते, तो घाबरून पळाला आणि बऱ्याच वेळानं परतला. चोर सोडून संन्याशाला फाशी. खापर फोडायला डोकं हवंच होतं, गरिबाचं हाताशी होतं. आठ वर्षांच्या पोरीला कोण विचारतंय? आईला ती सांगायला गेली तर आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. वर्तमानपत्रात 'पळपुटा पहारेकरी' असं छापून आलं आणि ते नाव वडिलांना चिकटलं ते चिकटलंच. त्यांनी नंतर अकरा वर्षं काढली, लोकांच्या छत्र्या दुरुस्त करत. उजवा पंजा नीट मिटत नसे. कुणी टोमणा मारला की एकच वाक्य बोलत, "किल्ली खिळ्यावर होती." शेवटी शेवटी तर कुणी काही न बोलताही म्हणत.

घरात आता बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ. भाऊ शिंपी, घरातच पुढच्या खोलीत मशीन. आग लागली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला काही आठवत नाही. त्याला आठवते ती शाळा. 'पळपुट्याचा' म्हणून मारामाऱ्या करून करून चौथीतच त्यानं शाळेला रामराम ठोकला. वडिलांची आठवण म्हणून त्याच्यापाशी जे होतं ते सगळं बहिणीनं सांगितलेलं. वर्षातून दोनचार वेळा, काजं करता करता, तो मान वर न करता म्हणायचा, "ताई, पुन्हा सांग ना."

आणि ताई सांगायची. चिंधी, खिळा, काच, फटके. तो दरवेळी मध्येच विचारायचा, "किती फटके?" ती म्हणायची, "सात." मग तो समाधानानं दोरा तोडायचा. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण तेवढ्यापुरता चार वर्षांचा व्हायचा.

त्या संध्याकाळी बाईंनी त्याला काही सांगितलं नाही. पुस्तक बाहेर पडायला सहा आठवडे होते. सहा आठवड्यांत त्या दोन पानांच्या जागी एकच वाक्य यायला हवं होतं, बाकी काही नको. वडिलांनी अकरा वर्षं घोकलेलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी लेखकाला बोलावलं. बाईंनी आवाज कोरडा ठेवला. "दोनशे बारावं पान. पहारेकरी किल्ली घेऊन पळाला, याला आधार?"

लेखक हसला. कौतुकानं हसला, त्यात काही खोट नव्हती. "बाई, तुम्ही गंमत करताय. तुमच्याच कार्डावरून तर मला ही गोष्ट सुचली." उठून त्यानं कपाटाचा 'क' चा खण ओढला आणि कडेनं पिवळं पडलेलं एक कार्ड टेबलावर ठेवलं.

अक्षर बाईंचंच होतं. 'कंगवा कारखाना, आग. मागील दाराची किल्ली : पहारेकऱ्याच्या ताब्यात. आधार : चौकशी अहवाल, पान चौदा.'

आता हे कार्ड आलं कुठून? तर अठ्ठावीस वर्षांपूर्वी, नोकरीला तीन वर्षं झाल्यावर, बाई मोठ्या आशेनं सरकारी दफ्तरखान्यात गेल्या होत्या. अहवालात खरं सापडेल असं त्यांना वाटलं होतं. चौदाव्या पानावर खोटं सापडलं. दफ्तरखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्या रडल्या, आणि मग डोळे पुसून कचेरीत येऊन त्यांनी कार्ड केलं. कारण सापडलं ते लिहायचं, आवडलं तेवढंच नव्हे, हा नियम. आपल्या बापाच्या बाबतीत आपण नियम पाळला, म्हणजे आपण किती खऱ्या! एक दिवस दुसरा कागद मिळेल, तो याच्यामागे टाचणीनं लावू, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. टाचणी लावायची जागाही त्यांनी कोपऱ्यात मोकळी सोडली होती. ती अजून मोकळीच होती. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात. बाईंनी तो मोजून, मापून, आधारासह पाडून घेतला होता.

"मला दोन आठवडे द्या," त्या म्हणाल्या. "दुसरा कागद बघते."

मग सुरू झाली शोधाशोध. साठाव्या वर्षानंतर पाय सुजतात, पण बाईंनी शहरभर फेऱ्या मारल्या. इस्पितळात गेल्या, त्या दिवशी वडिलांच्या पंजाला टाके पडले होते, नोंदवहीत 'काचेने जखम' एवढं दिसलं तरी पुरे होतं. कारकून म्हणाला, तीस वर्षांहून जुन्या वह्या रद्दीत जातात, नियमच आहे. नियमच आहे म्हटल्यावर बाई काय बोलणार? कारखान्याच्या जागी आता मोटारी ठेवतात. व्यवस्थापक कधीच वारला, त्याच्या मुलानं फोनवर "आम्हाला काही माहीत नाही" म्हणून कानावर हात ठेवले.

शेवटी त्या आगीतून वाचलेली एक बाई सापडली. घासकाम करणारी, आता ऐंशीच्या घरात, एक कान जळालेला, पुतण्याकडे खिडकीशी बसून असायची. कागदबाई तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"तुम्ही आत होता ना?"

"होते की. दार बंद. आम्ही ठोकतोय, ठोकतोय. मग उघडलं."

"कुणी उघडलं? त्याच्या हाताला रक्त होतं का?"

"धुरात काय दिसणार, बाई? पण उघडायला वेळ किती लागला! लागणारच. पहारेकरी किल्ली घेऊन पळाला होता ना, मेला."

"तुम्ही पाहिलं त्याला पळताना?"

"मी कशी पाहणार, मी आत." म्हातारीनं उशीखाली हात घातला, एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून घडीवर फाटलेलं कात्रण. "हे बघा. छापून आलंय. मी जपून ठेवलंय." तिच्यापाशी कागद होता.

बाईंनी तो पूर्ण वाचला. न वाचता परत देणं त्यांना जमलंच नाही.

बसनं परत येताना त्यांना पुलावरची ती दुसरी म्हातारी आठवली. तिचा चेहरा नाही आठवला, पिशवीच आठवली. माणसाचा नुसता शब्द घेऊन दोन जिने चढताना गुडघे किती दुखत असतील, हे आता कळलं, आणि कळून उपयोग शून्य. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि तेही जळल्यावर.

पंधराव्या दिवशी संपादकांच्या खोलीत तिघं बसले. संपादक, लेखक आणि बाई. बाईंनी एकदाचं सांगून टाकलं की तो पहारेकरी माझा बाप. मी तिथे होते. किल्ली खिळ्यावर होती, लाल चिंधी होती, सात फटके होते. बोलता बोलता त्यांचा आवाज आठ वर्षांच्या पोरीसारखा पातळ झाला, तो त्यांना स्वतःलाच ऐकू आला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

लेखकाचे डोळे पाणावले होते. तो भला माणूस होता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं.

संपादक टेबलावरचं पेपरवेट फिरवत म्हणाले, "बाई, वाईट वाटतंय. पण तुम्ही पडलात त्यांची मुलगी. मुलगी असंच म्हणणार. उद्या व्यवस्थापकाचा नातू उभा राहिला आणि त्यानं विचारलं, तर आम्ही काय दाखवायचं? त्याच्याकडे अहवाल आहे, पेपर आहे, तुमचं स्वतःचं कार्ड आहे. आपल्याकडे काय आहे?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून निघाले आणि बाई जागच्या जागी थिजल्या. समोरच्या दोघांना त्यात काही विशेष वाटलं नाही. लेखकानं हळूच विचारलं, "बाई, तुम्हीच शिकवलंत मला. आधाराच्या ओळीत काय लिहू?"

काय लिहिणार? 'एक पोर, वय आठ'? असं कार्ड दुसऱ्या कुणी आणून दिलं असतं तर बाईंनीच ते चिमटीत धरून टोपलीत सोडलं असतं.

संपादकांनी घड्याळ पाहिलं. छापखाना अडून होता, शिक्का हवा होता. आणि शिक्क्याचा अर्थ एवढाच, की जे लिहिलंय त्याला कागद आहे. कागद होता. शिक्का नाकारायचा तर एकतीस वर्षांचे सगळे शिक्के म्हणजे बाईंची मर्जी, असं ठरत होतं. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

लेखक खुर्ची ओढून जवळ आला. "बाई, माझ्यावर विश्वास ठेवा. तुमच्या बाबांना मी राक्षस ठेवणार नाही. ते पान मी नव्यानं लिहितो. दारू काढून टाकतो. त्यांना माणूस करतो. वचन देतो. फक्त आता शिक्का द्या, बदललेलं पान मी सरळ छापखान्यात नेऊन देतो."

शिक्क्यानंतर अक्षर हलवायचं नाही, हा नियम. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि बाईंच्या हातात दुसरा कुठलाही आधार नव्हता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी न पाहिलेल्या पानासाठी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि उमटवला. सही नीट आली नाही. परतताना मात्र त्यांना जरा हलकं वाटत होतं. भावासाठी त्यांनी वाटेत नवी कात्री घेतली.

चार आठवड्यांनी पुस्तक आलं. बाई त्या दिवशी तापानं घरी होत्या, मागच्या खोलीत पडून. पुढच्या खोलीत मशीनचा आवाज चालू होता आणि मध्येच तो थांबला. भावाकडे कपडे शिवणाऱ्या एका गिऱ्हाइकानं पुस्तक आणलं होतं. "तुमच्या जुन्या वस्तीची गोष्ट आहे म्हणतात, बघा. आणि हे पाहिलंत का, तुमच्या ताईंचं नाव छापलंय आत."

गिऱ्हाईक गेलं. मशीन चालू झालं नाही. भाऊ चौथीतच शाळा सोडलेला, अक्षरावर बोट ठेवून वाचणारा, त्यामुळे बराच वेळ गेला. बाई उठून दाराशी आल्या तेव्हा तो पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता.

"ताई, हे तू केलंयस?"

त्यानं पहिलं पान दाखवलं. ऋणनिर्देश होता, त्यात बाईंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. 'यातील ओळन्ओळ ज्यांनी कागदपत्रांशी ताडून पाहिली आणि ज्यांच्या बालपणीच्या आठवणीने या कादंबरीला तिचा सर्वांत हृदयद्रावक प्रसंग दिला, त्यांस कृतज्ञतापूर्वक.'

बाईंनी दोनशे बारावं पान उघडलं. लेखकानं वचन पाळलं होतं. दारू नव्हती. पहारेकरी आता गरीब, कष्टाळू, घाबरट असा माणूस होता, त्याची दया येत होती. आणि त्याच्याशेजारी एक आठ वर्षांची मुलगी होती, डबा घेऊन आलेली. किल्लीला लाल चिंधी होती. ती त्याच्या मुठीतून बाहेर लोंबत होती. मागून किंकाळी येते, बाप उठतो, पोर 'बाबा' म्हणून हाक मारते, आणि तो तिला तिथेच टाकून गल्लीतून पळत सुटतो. ती बघत राहते. दूर कुठेतरी काच फुटते, सात वेळा. प्रसंग फार सुंदर लिहिला होता. बाईंना स्वतःलाच एक क्षण ती गल्ली दिसली.

"शिक्का आहे ना तुझा याच्यावर?" भावानं विचारलं.

"आहे."

"ही पोरगी तूच ना? लाल चिंधी तूच सांगायचीस. सात तूच सांगायचीस."

"मीच."

भावानं गळ्यातली मापाची पट्टी काढली आणि बोटांभोवती गुंडाळायला लागला. तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे तू बाबांना पळताना पाहिलंस."

"पाहिलं," बाई म्हणाल्या. त्यांनी चौकट धरली होती. "केबिनकडे पळताना पाहिलं. तुला हजारदा सांगितलंय मी. किल्ली खिळ्यावर होती रे."

भावानं पुस्तकाचं पान पुन्हा उलटलं, बोट ठेवून त्या दोनतीन ओळी ओठ हलवत वाचल्या, आणि मान हलवली.

"इथे तसं नाहीये, ताई," तो म्हणाला.

मग त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं, मशीनच्या सुईत दोरा ओवला आणि अर्धं राहिलेलं शिवण पुढे घेतलं. त्यानंतर त्यानं पुन्हा कधी "पुन्हा सांग ना" म्हटलं नाही.